ताईची परीक्षा

क्लासातली मुलं बाईंना पाठीमागे 'आयएनजीबाई' म्हणत. मुलं म्हणायचं ते आपलं सवयीनं. त्यांतला सर्वांत लहान बावीस वर्षांचा होता, आणि सर्वांत मोठा, एक ट्रकवाला, दोन नातवंडांचा आजोबा होता. दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली, हॉटेलात काम करणारी पोरं, परदेशी निघालेले कारागीर, सगळ्यांना इंग्रजी हवं असायचं आणि तेही दोन महिन्यांत. चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत दुपारी दोन ते पाच बाई ते त्यांच्या गळी उतरवत. ह्या उद्योगाला एकतीस वर्षं झाली होती.

नाव पडलं ते एका धड्यामुळे. बाई फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायच्या. डावीकडे करायची क्रियापदं: पळणं, खाणं, लिहिणं, भांडणं. उजवीकडे नुसती असायची: माहीत असणं, वाटणं, आवडणं, हवं असणं, पटणं, ओळखणं, कुणाचं तरी असणं. डावीकडच्यांना शेपूट लावलेलं चालतं, उजवीकडच्यांना लावायचं नाही. शेपूट म्हणजे आयएनजी. आणि वर्गातला यच्चयावत माणूस ते लावायचाच. 'आय ॲम नोइंग हिम.' 'शी इज वॉन्टिंग टी.' बाई वहीतली ती शेपटं लाल पेनानं अशी काही तोडायच्या की मागचं पान फाटायचं.

आता कुठलं क्रियापद कुठल्या बाजूचं, हे ओळखायचं कसं? त्यावर बाईंची एक युक्ती होती. "हुकूम सोडून बघा," त्या म्हणायच्या आणि ट्रकवाल्याला उभं करायच्या.

"पळा म्हटलं तर पळाल?"

"गुडघे धरतात बाई, पण पळेन."

"खा म्हटलं तर?"

"ते तर लगेच."

"बरं. आता तुमच्या शेजारी बसलाय ना, तो तुम्हाला आवडू दे. चला, मी तीन म्हणायच्या आत. एक... दोन..."

वर्ग खिदळायचा. शेजारी बसलेला लाजून लाल व्हायचा. मग बाई फळ्याकडे वळून म्हणायच्या, "हुकूम दिल्यावर होतं ते करणं. हुकमानं होत नाही, आणि न सांगता आत बसून राहतं, ते असणं." एकतीस वर्षं हेच वाक्य, हाच विराम, हाच ट्रकवाला. म्हणजे ट्रकवाले बदलले, पण विनोद तोच. आपण फळ्यावर काय लिहितो आहोत याचा बाईंनी फारसा विचार केलेला नव्हता. शिकवणारे सहसा करत नाहीत.

बाईंच्या घरी ताई होती. नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील नावापुरते राहिले, आणि चौदाव्या वर्षी शाळा सोडून ताई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात लागली. तिथं तिनं त्रेचाळीस वर्षं काढली. काजं करण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी कापायच्या टेबलाची मुकादम झाली. शहरातल्या निम्म्या पोरांच्या खिशांना तिचा हात लागलेला होता. बाईंचं कॉलेज, बाईंची पदवी, क्लासाची पहिली बाकं, सगळं त्या मशीनमधून बाहेर पडलं. ताईचं लग्न राहून गेलं आणि बाईंनी केलं नाही. दोन्हींत फरक आहे, पण त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

ताई बोलायची कमी आणि बोलली तर टोचून. बाईंना ती 'मास्तरीण' म्हणायची. रागावली की मात्र तेही नाही. अबोला धरावा तर ताईनं. एकदा बाईंनी दुकानातून तयार शिवलेला कोट आणला. शिवणकाम करणारी सख्खी बहीण घरात असताना! अकरा दिवस ताईनं तोंड उघडलं नाही. स्वयंपाक वेळेवर, ताट वाढलेलं, बाईंच्या कपड्यांना इस्त्री केलेली, पण शब्द म्हणून नाही. बाराव्या दिवशी ती कोटाकडे बघून म्हणाली, "बाही आखूड आहे." तेवढ्यावर तह झाला.

अशी ताई नऊ महिन्यांपूर्वी सुईत दोरा ओवता ओवता खुर्चीतून कलंडली. आधी उजवी बाजू गेली, तीन आठवड्यांनी दुसरा झटका आला आणि डावीही गेली. वाचा तर पहिल्याच दिवशी गेली होती. आता ती पाठीवर पडून असे. पातळ पेज चमच्यानं गिळे. डोळे उघडे असत, कधी मिटत, कधी छताकडे, कधी खिडकीकडे वळत. डॉक्टर म्हणाले, "आतलं काही कळत असेल असं खात्रीनं सांगता येणार नाही." बाईंनी त्यातला 'खात्रीनं' हा शब्द मुठीत घट्ट धरून ठेवला. कळत नाही, असं ते म्हणाले नव्हते.

बाईंना स्वतःला खात्री होती. पेज जास्त गरम असली की ताई गिळायची, पण नंतर तासभर बाईंकडे बघायची नाही. समोरच्या काकू दुपारी सोबतीला बसायच्या आणि सुनेचं गाऱ्हाणं सुरू करायच्या, तेव्हा ताईचे डोळे मिटायचे आणि काकू उठल्या की उघडायचे. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, दुपारची झोप ती."

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी ताईची कूस बदलताना बाईंच्या कमरेत असली कळ आली की त्या तिच्या अंगावरच कोसळल्या. दोघी पाऊण तास तशाच पडून होत्या. काकू दूध द्यायला आल्या तेव्हा सुटका झाली. बाईंच्या मणक्याचा फोटो बघून डॉक्टरांनी आवाज चढवला. "आता पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पुन्हा अशा पडलात तर दोन खाटा लागतील." बाई बासष्ट वर्षांच्या होत्या. बहीण घरात ठेवायची हट्टानं, पण उचलायची कुणी? त्यांनी हात टेकले आणि शुश्रूषागृहात नाव घातलं.

ते दुमजली होतं. बाई बघायला गेल्या तेव्हा आधी त्यांना वर नेलं. वर सगळे कळणारे. कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला बोलता येत नव्हतं, पण चाकांच्या खुर्च्या गॅलरीत ओळीनं लावलेल्या, एक मुलगी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होती, आणि एक म्हातारा दर बातमीला नाक मुरडत होता. मग खाली नेलं. खाली काही न कळणारे. चादरी स्वच्छ, फरशी स्वच्छ, वासही नव्हता, नावं ठेवायला जागा म्हणून नाही. सोळा खाटा होत्या. एक आया फोन खांद्यात दाबून आपल्या जावेशी बोलत होती आणि बोलता बोलता एका बाईचं लुगडं बदलत होती. "अगं मग मी म्हटलं तिला, तुझं तू बघ," असं म्हणत तिनं त्या बाईला कुशीवर वळवलं, पुसलं, पुन्हा उताणं केलं, झाकलं. हात हलका होता तिचा. पण त्या खाटेवर कुणी आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. कपाट आवरताना माणसाचा चेहरा असतो तसा होता.

बाई बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. ताई इथं, आणि तिला सगळं कळतंय, आणि वर्षानुवर्षं कुणी तिच्याशी एक शब्द बोलत नाही.

वर की खाली, हे ठरवायला एक सिस्टर घरी येणार होती. तिच्याकडे कागद असतो: चार सूचना आणि सहा प्रश्न. दहांपैकी पाच जमले तर वर, नाहीतर खाली. तीन आठवड्यांनी, सोमवारी, सकाळी अकरा वाजता.

परीक्षा म्हटल्यावर बाईंनी जे एकतीस वर्षं केलं तेच केलं. तयारी. त्यांनी शंभर पानी वही आणली, रकाने आखले, आणि रोज सकाळी चहानंतर एक तास, क्लासाहून आल्यावर एक तास, असा ताईचा अभ्यास सुरू झाला. होय म्हणजे डोळे मिटायचे. नाही म्हणजे उघडे ठेवायचे.

"ताई, तू माझी मोठी बहीण आहेस का? हं, मीट. मीट ना. पुन्हा विचारते. तू माझी मोठी बहीण आहेस का?"

पहिल्या दिवशी विसातली आठ उत्तरं बरोबर आली. दुसऱ्या दिवशी अकरा. बाई हरखल्या, काकूंना बोलावून वही दाखवली. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी बारा. मग कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं की नाणं उडवलं असतं तरी एवढीच उत्तरं बरोबर आली असती. त्यांनी ती वही मिटली आणि पुन्हा उघडली, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

त्यांची वर्गातली जीभ घरात आली. "चुकलं. लक्ष कुठंय? मघाशी आलं होतं, मग आता काय झालं?" एका बुधवारी असं झाल्यावर ताईचे डोळे जे छताला लागले ते दोन दिवस तिथून हलले नाहीत. ना मिटणं, ना बघणं. वहीत होयच्या रकान्यात दोन दिवस शून्य. बाईंना मात्र त्या शून्यानं आशा वाटली. ही रागावली आहे, दुसरं काही नाही. मास्तरीणपणा आपल्यावर केलेला ताईला कधी खपला होता? पण हे सिस्टरला सांगायचं कसं? 'माझी बहीण काहीच करत नाही, म्हणजे तिला सगळं कळतंय.' असं कुणी क्लासात बोललं असतं तर बाईंनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत त्यांच्या मनात पहिल्यांदा चलबिचल झाली. मला माहीत आहे की मला नुसतं वाटतंय? फळ्यावर दोन्ही शब्द एकाच बाजूला होते, एकाखाली एक. दोन्हींतला फरक त्यांनी आजवर कुणाला शिकवला नव्हता.

परीक्षेला पाच दिवस उरले असताना बाई ताईची नखं कापत होत्या. डाव्या हाताचा अंगठा धरताना त्यांचं बोट नखावर जरा जोरात दाबलं गेलं आणि ताईचे डोळे गपकन मिटले. बाईंनी बोट काढलं. डोळे उघडले. त्यांनी पुन्हा दाबलं. मिटले. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा मिटले.

बाई नखं कापायची सोडून उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्यांच्या परीक्षांना जायच्या तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसायच्या. बाहीतली चिठ्ठी, तळहातावरची शाई, खोकल्याच्या खुणा, काही सुटत नसे. एकदा एका मुलीला त्यांनी उठवून बाहेर काढलं होतं आणि ती रडत असताना तिला ऐकवलं होतं, की ज्याला येतं त्याला हे करावं लागत नाही. आता त्या ओट्याशी उभ्या राहून हिशेब करत होत्या: 'डोळे मिटा' ही सूचना असतेच, आणि होयचे चार प्रश्न असतातच. पाच. नेमके पाच.

रविवारी संध्याकाळी त्यांनी ताईचे केस विंचरले, उशी सरळ केली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"ताई, ऐक. उद्या ती सिस्टर येईल. मी तुझा हात धरून बसेन. मिटायची वेळ आली की मी अंगठा दाबीन. दुखेल थोडं. पण एकदाच करायचं आहे, पाच मिनिटांचं काम आहे. तुला मी खाली टाकू देणार नाही. समजलं ना?"

ताई त्यांच्याकडे बघत होती. होय म्हणून डोळे मिटले नाहीत आणि बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सिस्टर वेळेवर आली. तिशीची होती, दमलेली, तीन जिने चढून धापा टाकणारी. पाणी प्यायली, ताईला म्हणाली, "नमस्कार आजी," आणि कागद अडकवलेली पाटी मांडीवर घेऊन बसली. वाईट बाई नव्हती. बाईंनी मिटण्या-उघडण्याची खूण सांगितली तर तिनं लगेच मान्य केली. "पण एक सांगते, उघडे राहिले तर 'नाही' धरता येत नाही हं. उघडे ते असतातच. मिटले तर मी गुण देणार."

"म्हणजे तुमच्या कागदावर सगळे हुकूमच," बाई म्हणाल्या. "हे करा, ते करा. एखाद्याला कळत असेल आणि करता येत नसेल तर?"

"करता आलं नाही तर मला कसं दिसणार मॅडम?"

बाईंनी ताईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, वरून पाहणाऱ्याला माया वाटावी असा, आणि आतून अंगठ्याच्या नखावर बोट ठेवलं.

"आजी, डोळे मिटा बघू."

बाईंनी दाबलं. ताईचे डोळे उघडेच राहिले.

सिस्टर थांबली, पुन्हा म्हणाली. बाईंनी जोरात दाबलं. ताईची मान जराशी, अगदी जराशी वळली होती. ती सिस्टरकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती.

"जीभ बाहेर काढता येईल? बरं. माझं बोट धरता येईल? राहू दे. आता इकडे, माझ्याकडे बघा. बरं. प्रश्न विचारते. ह्या तुमच्या धाकट्या बहीण आहेत का?"

बाईंनी आता नखाची कडच पकडली. आपल्याच बोटाला रग लागली एवढं दाबलं. ताईच्या डोळ्यांत पाणी भरलं, काठोकाठ भरलं, आणि कडेनं ओघळून कानाकडे गेलं. पापण्या थरथरल्या. पण मिटल्या नाहीत. तिनं डोळे ताणून धरले होते. नऊ महिन्यांत ताईला ज्यात जोर लावताना बाईंनी पाहिलं असं हे एकच काम होतं.

"तुम्ही शिवणकाम करायचात का?"

बाईंनी दाबलं नाही. उरलेले प्रश्न त्यांनी ऐकले, पण त्यांच्या बाजूनं परीक्षा संपली होती. दहांपैकी शून्य.

सिस्टरनं पाटीवर खुणा केल्या आणि सहज म्हणून ताईचा हात नीट ठेवायला घेतला. नखाखाली काळंनिळं झालं होतं. कडेला रक्ताचा ठिपका होता. तिनं वर पाहिलं.

बाई खोटं बोलल्या नाहीत. "मी कॉपी करवत होते," त्या म्हणाल्या. "नख दाबलं की तिचे डोळे मिटतात. बुधवारी दहांपैकी दहा वेळा मिटले. काल मी तिला सांगितलं, उद्या दाबीन म्हणून. आणि आज तिनं मिटले नाहीत. तुम्ही बघितलं ना? पाणी आलं, पण मिटले नाहीत. तिला कॉपी करायची नव्हती. सिस्टर, ज्याला काही कळत नाही तो नाही कसा म्हणेल?"

सिस्टरनं स्वतःच्या पर्समधून कापूस काढला आणि ताईचा अंगठा पुसला.

"मॅडम, मला तुमचं पटतंय की नाही हे विचारू नका," ती म्हणाली. "मी दिवसाला चार घरं करते. प्रत्येक घरात कुणीतरी मला सांगतं, तिला सगळं कळतं. त्यातले काही बरोबरही असतील. पण मला जे घडलं ते लिहावं लागतं. आणि आता..." ती अडखळली. "वेदनेला प्रतिसाद, असा एक रकाना असतो. ते आम्ही तपासत नाही सहसा, वाईट वाटतं. पण तुम्ही दाबलंत आणि त्यांनी डोळे मिटले नाहीत, हात ओढला नाही. त्यात मला 'नाही' लिहावं लागेल."

"अहो, पण तेच तर... तिनं जोर लावून..."

"डोळ्यांत पाणी आलं, तेही लिहिते मी. शेऱ्यात लिहिते."

तिनं खरोखर लिहिलं. बाईंना दाखवलंही. शेऱ्याची ओळ इवलीशी होती. ताईनं सगळं बळ एकवटून जे केलं होतं ते त्या कागदावर सर्वांत खालच्या पायरीला जाऊन बसलं. दगडालाही जे गुण मिळाले असते ते ताईला मिळाले, आणि ते बाईंच्या बोटांमुळे मिळाले. काहीच केलं नसतं तर निदान तो एक रकाना कोरा राहिला असता.

सिस्टर गेल्यावर बाई ताईवर ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. "काय बिघडलं असतं ग एकदा मिटले असतेस तर? कुणासाठी एवढी ताठ राहिलीस? तिथं तुला कोण विचारणार आहे?" आवाज ऐकून काकू दारापर्यंत आल्या आणि आल्या पावली परत गेल्या. मग बाईंचा राग संपला आणि त्यांना आपण काय केलं ते दिसलं. सहा दशकं जिनं आपल्यावर बोट उगारलं नाही, तिचं नख आपण रक्त येईपर्यंत दाबलं. 'दुखलं का?' असं त्या विचारणार होत्या. पण तोही पुन्हा एक प्रश्नच झाला असता.

"माझं चुकलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताईच्या तोंडाकडे न बघता वही उचलून रद्दीत टाकली.

पुढच्या सोमवारी ताईला खाली नेलं. सोळांतली सातवी खाट. बाईंनी क्लासाला चार दिवस सुट्टी दिली आणि सकाळी आठला तिथं जाऊन बसल्या. ताई छताकडे बघत होती. आठ दिवसांत तिनं बाईंकडे एकदाही पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या होत्या, आजार वाढला असेल. बाईंना वाटत होतं की नाही, हे ते नाही, हे माझ्यासाठी आहे. आणि त्या मनातल्या मनात विनवत होत्या की ताईनं आपल्याला इतक्यात माफ करू नये. राग धरला आहे तोवर आत कुणीतरी बसलेलं आहे.

नऊच्या सुमारास ती आया आली, फोन खांद्यात दाबलेला. "हो, हो, तू त्याला तसंच सांग," असं म्हणत तिनं ताईची चादर ओढली आणि एका हातानं खांदा धरला.

"जरा जपून," बाई म्हणाल्या. "ती रागावलेली आहे."

आयानं चमकून पाहिलं. "कोण?"

"माझी बहीण. माझ्यावर रागावलीय."

"असं होय." आयाला हसू आलं. नातेवाइकांचं काय काय ऐकून घ्यावं लागतं, असं ते हसू होतं. "कशावरून रागावल्या म्हणे?"

बाईंनी ताईचा डावा हात चादरीखालून काढला आणि अंगठा दाखवला. नख अर्धं काळं पडलं होतं. आयानं ते पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिच्या कामात तिनं फार हात पाहिले होते, कुठलं लागलेलं असतं आणि कुठलं कुणी केलेलं असतं हे तिला समजत होतं. "मी मागाहून करते ग," ती फोनमध्ये म्हणाली आणि फोन एप्रनच्या खिशात टाकला. तिनं तो अंगठा तळहातावर घेतला. बाईंना वाटलं आता ही आपल्याला विचारणार, आणि सांगायची त्यांची तयारी होती.

आया त्यांच्याकडे वळलीच नाही. ती खाटेवर वाकली, ताईच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणाली, "आजी, कुणी केलं हो हे?"

आणि ती उत्तरासाठी थांबली.